कलाकार घरी आहेत का?

२ फेब्रुवारी, सोमवार. सकाळी १०.
आजपासून रोजनिशी. कलाकाराच्या डोक्यात काय चालतं ते वेळीच लिहून ठेवलं नाही, तर पुढच्या पिढ्यांचं नुकसान होतं. कोणी वाचावी म्हणून लिहीत नाहीये. तरी अक्षर जरा नीट काढतोय.

सद्यस्थिती: शाळेतली ड्रॉइंग टीचरची नोकरी निवृत्तीच्या आधीच सोडली. हेतू एकच, मोठं चित्र. एवढा मोठा कॅनव्हास आणलाय की तो दारातून आत यायला चौकटीची एक बाजू काढावी लागली. ती परत बसवायची आहे. कॅनव्हास पुढच्या खोलीत भिंतीला टेकून उभा. आज प्रायमरचा आणखी एक हात दिला. पाया भक्कम हवा.
उद्या पहिली रेघ.

३ फेब्रुवारी
रेघ नाही. प्रायमर ओला.

४ फेब्रुवारी
प्रायमर वाळला. आभाळ भरलं. उजेड चुकीचा. कामाला निघताना बायको म्हणाली, मग दिवा लावा की. नैसर्गिक उजेड म्हणजे काय हे समजावून सांगायला लागलो, तेवढ्यात तिची बस आली.

ही दातांच्या लॅबमध्ये काम करते. कवळ्या, कॅप, ब्रिज. दिवसभर लोकांच्या दातांचे साचे. कलेशी तसा संबंध नाही. हल्ली घरी आली की मागच्या बाल्कनीत माती मळत बसते. काहीतरी छोटं छोटं बनवते, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवते आणि भट्टीवाल्या बाईंकडून भाजून आणते. मी पाहिलेलं नाही. माणसाला छंद हवाच. फक्त मातीचे हात बेसिनला लावू नयेत, एवढं एकदा बोलावं लागलं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार. संध्याकाळ.
घाईत लिहितोय, म्हणून अक्षर असं.

घरच्या फोनवर एका गॅलरीच्या बाई. कलाकार घरी आहेत का, असं विचारलं. मी म्हटलं, बोलतोय. त्यांनी दोनदा नमस्कार केला. दडपण येत असणार. मग म्हणाल्या, महिनाअखेरीला तीन कलाकारांचं नवं काम मांडतोय आणि त्या कामामागच्या प्रेरणेबद्दल गप्पाही ठेवल्यात, तुम्ही याल ना? तुमच्या कामाचे फोटो पाहिले, दोन दिवस डोक्यातून जात नाहीत.

फोटो म्हणजे सात वर्षांपूर्वीच्या शिक्षकांच्या प्रदर्शनातले असणार. कोणीतरी जपून ठेवलेत. बाई म्हणाल्या, मातीचा इतका प्रामाणिक वापर हल्ली दिसत नाही. मी तपकिरी रंग सढळ हाताने वापरतो हे खरं आहे. पुढे म्हणाल्या, आणि दात तर कमाल आहेत. म्हणजे माझ्या कामाला दात आहेत, ते चावतं. समीक्षेची भाषा कळायला कान लागतो.

हिला सांगितलं. तिला मनापासून आनंद झाला. हात धुतले, कॉफी केली, लेकीला फोन लावला. मग विचारलं, कुठलं चित्र देणार? मी म्हटलं, आधी प्रेरणा ठरू दे.

८ फेब्रुवारी
योजना: आधी भाषण, मग चित्र. बहुतेक लोक उलटं करतात, म्हणून त्यांची भाषणं फसतात. चित्र एकदा झालं की माणूस त्यात अडकतो, हवं ते बोलता येत नाही.

भाषणाचं पहिलं वाक्य जमलं: “रिकामेपण हीच माझी खरी सामग्री आहे.” हिला वाचून दाखवलं. उठून कुकर लावायला गेली. पटलं असावं.

११ फेब्रुवारी
दुसरे पाहुणे कोण ते कळलं. एक आहे तो ढगवाला. माझाच वर्गमित्र. गेली वीस वर्षं ढगांचे फोटो काढतोय. आभाळ जे फुकट देतं त्यावर सही करतो. दुसरी एक नर्तकी आहे, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर खुर्चीत बसून नाचते. तिच्याकडे निदान कारण तरी आहे.

ढगवाल्याला फोन केला. मीही आहे म्हटल्यावर तो म्हणाला, हो? अरे वा. मग म्हणाला, नक्की? त्याला आतून लागलंय. शाळेपासूनचं आहे हे.

१३ फेब्रुवारी
भाषण वीस मिनिटांचं झालं. चित्राला प्रायमरचा आणखी एक हात.
लेकीचा फोन. म्हणाली, बाबा, काढायला कधी घेणार? मी म्हटलं, चित्र काढायचं नसतं, येऊ द्यायचं असतं. ती म्हणाली, मग स्टेशनवर जाऊन उभा राहा. आईवर गेली आहे. आई बोलत नाही एवढाच फरक.

१६ फेब्रुवारी, सोमवार
उद्या गॅलरीच्या बाई काम बघायला येणार. कॅनव्हास पांढरा. घाबरायचं कारण नाही. ‘प्रेरणेची पूर्वावस्था’ असं नाव दिलं की पांढराच हवा. कोपऱ्यात सही करून ठेवली. फार दिवसांनी ब्रश हातात घेतला. सही सुरेख आली.

१७ फेब्रुवारी
लिहावंसं वाटत नाही.

१८ फेब्रुवारी
लिहितो.
बाई आल्या. मी कॅनव्हाससमोर उभा राहून पूर्वावस्था समजावली. त्यांनी मान डोलावली. आधी कॅनव्हासकडे बघितलं, मग उघड्या चौकटीकडे, मग पुन्हा कॅनव्हासकडे. म्हणाल्या, छान स्वच्छ आहे, आणि ती माणसं कुठे ठेवलीत? मी विचारलं, कुठली माणसं? त्या म्हणाल्या, मातीची.

मग त्यांनी मोबाइलवर फोटो दाखवले. भट्टीवाल्या बाईंनी पाठवले होते. बरोबर फक्त आडनाव आणि घरचा फोन.

नेमकी त्याच वेळी ही कामावरून आली. बुटांचे बंद सोडताना तिला सगळं कळलं. पांढरीफटक पडली. कॅनव्हासपेक्षा. म्हणाली, भट्टीवाल्या बाईंनी मला न विचारता पाठवले, ते कुणाला दाखवायचे नव्हतेच. बाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि घाईघाईने म्हणाल्या, अहो, मी यांनाच कलाकार समजले. यांना म्हणजे मला. खोलीत तिघंच होतो, तरी बोट दाखवलं.

मी मोठ्या मनाने म्हटलं, समज-गैरसमज व्हायचेच. आणि चहा टाकायला आत गेलो. साखरेऐवजी मीठ पडलं. बाई अर्धा कप प्यायल्या. सभ्य बाई.

१९ फेब्रुवारी
ही म्हणते, मूर्ती हव्या तर न्या, पण मी लोकांसमोर बोलणार नाही. लॅबमध्ये तिला दातांशी बोलायची सवय, ते उलट विचारत नाहीत.
नको बोलू, हे मला सांगता आलं असतं. ते वाक्य अगदी ओठांवर होतं. माझं भाषण तयार, तिची तयारी शून्य. बाईंना फोन करून सुचवलंही, की कलाकार बुजऱ्या असल्याने त्यांच्या वतीने घरातलाच एक जाणकार बोलेल. बाई म्हणाल्या, त्यांनाच विचारते.

संध्याकाळी लेकीचा फोन. या वेळी चिडवलं नाही. हळू आवाजात म्हणाली, बाबा, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आईला विचारतंय की तुझ्या मनात काय आहे. आणि तिथे तू जाऊन बसणार?
मी म्हटलं, तसं नाही गं. मग कसं, म्हणाली. रेंज गेली असं सांगून फोन ठेवला. फोन घरचा होता.

२० फेब्रुवारी. दुपार.
ही कामावर. बाल्कनीत गेलो. फडकं उचललं.

टोकाची दोन अजून ओली, बाकी भाजून आणलेली, सगळी मिळून एक ओळ. वीतभर उंचीची माणसं. एकच माणूस खरं तर. खुर्चीत मान मागे टाकून झोपलेला. स्टुलावर बसून भिंतीकडे बघणारा. हातात ब्रश धरून डुलकी काढणारा. पाठ खाजवणारा. एक तर नुसता उभा, हात कमरेवर, काहीतरी आता होईलच असा. बहुतेकांचं तोंड उघडं. आणि आत दात, एकेक, खरे वाटावेत असे. वरच्या बाजूला मागे एक कॅप. ती कॅप मी ओळखतो. तिनेच बनवली आहे. माझ्या तोंडात आहे.

फडकं परत टाकलं. ओलं करायला विसरलो, म्हणून पुन्हा जाऊन ओलं केलं.

२० फेब्रुवारी. संध्याकाळ.
अन्याय आहे. मी दिवसभर नुसता बसतो असा लोकांचा समज होईल. विचार करताना माणसाचे डोळे मिटतात, हे तिला कुणीतरी सांगायला हवं होतं. जेवताना बोललो नाही. तिने विचारलं, दात दुखतोय का?

२१ फेब्रुवारी, शनिवार
साफ वेगळा विचार आला. आंघोळीत.
प्रश्न काय आहे? नव्या कामामागची प्रेरणा. प्रेरणा कोण? मी! म्हणजे बाई चुकल्याच नव्हत्या. फोनवर योग्य माणसाशीच बोलल्या. हिचे हात, पण गाभा माझा. हे इतके महिने मी जे बसून काढले ते वाया गेलेलं नाही, ते भट्टीत भाजून टिकाऊ झालंय.

केशकर्तनालयात सांगितलं. औषधवाल्याला सांगितलं. औषधवाला म्हणाला, वा, आणि बीपीची गोळी चालू आहे ना?

हिला म्हटलं, तू बोललंच पाहिजेस. तिने चकित होऊन बघितलं. मी म्हटलं, तयारी मी करून घेतो. ती बराच वेळ हातातली माती वळत बसली. शेवटी म्हणाली, तुम्ही पहिल्या रांगेत बसणार असाल तर बोलते. मी डोळे पुसले. प्रायमरचा वास असावा.

२३ फेब्रुवारी
कोचिंग सुरू. जुनंच भाषण तिच्यासाठी बेतून दिलं. “रिकामेपण हीच माझी खरी सामग्री आहे” बदलून “माझे पती हीच माझी खरी सामग्री आहे.” व्याकरण जरा अडतंय, पण भाव पोचतो.
तिने ‘अस्तित्वभान’ या शब्दावर बोट ठेवून अर्थ विचारला. मी समजावला. तिने पुन्हा विचारला. मी पुन्हा समजावला, वेगळा. मग म्हणाली, हा शब्द गाळूया का? गाळला. मग तिने आणखी बरेच गाळले. आता भाषण ‘नमस्कार’ आणि ‘धन्यवाद’ यांच्या मध्ये जरा मोकळं मोकळं वाटतंय.

२६ फेब्रुवारी
मूर्ती गेल्या. व्हॅनवाल्याने एकेक कागदात गुंडाळून नेल्या. एका मूर्तीकडे बघून मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, साहेब, तुमचा भाऊ का? मी हो म्हटलं. का म्हटलं, कळत नाही.
ही रात्रीचं जेवली नाही. मी तिच्या वाटचंही जेवलो, वाया जाऊ नये म्हणून.

२८ फेब्रुवारी, शनिवार. कार्यक्रमाचा दिवस, सकाळ.
माझी योजना: प्रश्नोत्तरांच्या वेळी योग्य क्षणी उभं राहायचं. फार नाही, एकच वाक्य. “ती प्रेरणा म्हणजे मी.” थांबायचं. टाळ्या झाल्या तर पुढची चार-पाच मिनिटं तयार आहेत. तपकिरी कोट घालणार. मातीशी जुळतो.

१ मार्च, रविवार
काल काय झालं ते क्रमाने.

हॉल भरलेला. मी पहिल्या रांगेत, मधोमध. कडेला बसायचं सुचलं नाही, ही चूक. मंचावर ढगवाला, नर्तकी आणि ही. हिने लॅबचे बूट घातले होते. दुसरे चावतात म्हणाली.

ढगवाला म्हणाला, ढग मला हाक मारतात. बराच वेळ मारत होते. नर्तकीने सांगितलं की गुडघा बिघडला तेव्हा तिला खूप राग आला, तो राग कुठे ठेवावा कळेना, म्हणून हातांत ठेवला. हे बरं होतं. मग गॅलरीच्या बाईंनी हिला विचारलं, तुम्हाला या कामाची प्रेरणा कुठून मिळाली?

हिने माइककडे बघितलं, मग बुटांकडे. मी पहिल्या रांगेतून ओठ हलवून ‘माझे पती’, ‘माझे पती’ असं सुचवत होतो. तिने माझ्याकडे बघितलं आणि माइक जवळ घेतला. जे बोलली ते माझ्या भाषणात कुठेच नव्हतं. जसं आठवतंय तसं लिहितो.

म्हणाली, मी दिवसभर तोंडं बघते. नुसतं तोंड, तेही प्लास्टरचं. माणूस कधी दिसत नाही. घरी आले की एक अख्खा माणूस दिसतो. मी बघतेय हे त्याला ठाऊक नसतं. तो बसलेला असतो, आपल्या हातून काहीतरी मोठं होणार आहे आणि ते आता कुठल्याही क्षणी सुरू होईल अशा बेताने. रोज. आधी मला त्याचा राग यायचा. मग हसू यायचं. मग एक दिवस बघत होते तर हसूही आलं नाही, नुसतं वाटलं की याच्याजवळ जाऊन बसावं. पण जवळ गेलं की तो बोलायला लागतो. म्हणून माती घेतली.

हॉल हसला. मोठ्याने. मग हसू विरलं. नर्तकीने हिच्या पाठीवर हात ठेवला. ढगवाला प्रथमच आभाळाकडे न बघता समोर बघत होता.

माझा क्षण हाच होता. मी उभा राहिलो. तोंड उघडलं. शेजारच्या बाईंना वाटलं, मला बाहेर जायचंय. त्यांनी पाय आत घेतले. त्यांच्या पलीकडच्यांनी घेतले. सगळ्या रांगेने गुडघे वळवून मला वाट करून दिली. एवढ्या लोकांनी एवढी तसदी घेतल्यावर परत खाली बसता येईना. मी सॉरी, सॉरी म्हणत अख्खी रांग पार केली आणि बाहेर पडलो. समोर स्वच्छतागृह होतं. गेलो. हात धुतले. पुन्हा धुतले. आरशात तोंड उघडून कॅप बघितली. चांगलं काम आहे.

परत आलो तर टाळ्या चालू होत्या. दारातच उभा राहिलो आणि वाजवल्या. बराच वेळ वाजवत होतो, बहुधा शेवटचा मीच होतो.

नंतर चहाच्या वेळी लोक माझ्याभोवती जमले, हे नोंदवायला हवं. हिच्या लॅबचे डॉक्टर म्हणाले, जरा आ करता का? केलं. त्यांनी आणखी दोघांना बोलावून दाखवलं.

येताना बसमध्ये ही खिडकीशी बसली. मी विचारलं, तुला खरंच राग यायचा? म्हणाली, हो. मी विचारलं, अजून येतो? ती म्हणाली, आज उठून कुठे गेलात? मी शोधत होते. मी सांगितलं, रांगेने घालवलं. तिला हसू आवरेना. बसमधले लोक वळून बघायला लागले. मलाही आलं. किती दिवसांनी.

४ मार्च
गॅलरीच्या बाईंना हिची आणखी कामं हवीत. माझी जबाबदारी वाढली. संकल्प: चित्राचं नंतर बघू. सध्या पूर्णवेळ प्रेरणा.

६ मार्च, शुक्रवार
ही यायच्या वेळेला खुर्चीत तयार बसलो. हनुवटीखाली मूठ, नजर दूर, कपाळावर एक आठी. तिने माती घेतली, बघितलं, माती ठेवली. म्हणाली, असं नका बसू, रोजच्यासारखं बसा. रोज कसा बसतो ते आठवेना. मान मागे टाकली. तोंड उघडलं. ती म्हणाली, अहो, कॅप दाखवू नका.

९ मार्च
झोपल्याचा अभिनय केला. ती म्हणाली, पापण्या हलतायत.
खरंच झोपायचा प्रयत्न केला. इतक्या महिन्यांत प्रथमच भर दुपारी झोप लागेना.

१२ मार्च
ही म्हणाली, तुमचा दोष नाही. आता तुम्हाला ठाऊक आहे ना, मी बघतेय ते. मी म्हटलं, विसरून दाखवतो. ती म्हणाली, विसरलेलं असं दाखवता येत नाही. लेकीला सांगितलं तर ती म्हणाली, बाबा, काहीच न करण्यातूनही तुला काढून टाकलं? फोनवर खूप हसली. मग म्हणाली, चित्र काढ ना रे. कसंही काढ.

१५ मार्च, रविवार. सकाळ.
चौकट बसवली. अर्धा दिवस गेला असता, पण सुतार आला होता.
मग खुर्ची कॅनव्हाससमोर ओढली, ब्रश घेतला, आणि काही ठरवायच्या आत एक रेघ मारली. वाकडी आली. तपकिरी. तिच्या शेजारी दुसरी मारली. कोणाची तरी पाठ असावी, बसमधून खिडकीबाहेर बघणाऱ्या माणसाची. नीट जमली नाही. पण किती वेळ गेला ते कळलं नाही.

मागे चाहूल लागली. ही दारात उभी, हातात मातीचा गोळा, डोळे बारीक करून एकटक बघत होती. तीच ती नजर. मी श्वास रोखला. पोझ घेतली नाही. रेघेकडेच बघत राहिलो. मनात म्हटलं, जमलं, आपण परत आलो.

ती हळूच म्हणाली, अहो, जरा डावीकडे सरकता का? कॅनव्हासशेजारची खिडकी झाकली जातेय. समोरच्या इमारतीत एक गृहस्थ हल्ली दिवसभर खुर्चीत बसून असतात. त्यांना ठाऊक नाही, मी बघतेय ते.

सरकलो.